बॅटरीच्या पेटीत मीठ

कौंडण्यपूरले कसं जायचं, असं आजकालचे लोक मले विचारतात. अमरावतीहून कुऱ्ह्यावरून डांबरी रस्ता हाय. गाडीत बसा, चहा पेऊन निघालं त जेवायच्या आधी पोचता. कार्तिकात जा, तवा जत्रा भरते, वर्धा नदीले पाणी असते, ऊन सोसवते. एवढंच विचारायचं असन त इथंच थांबा, पुढं वाचू नका.

मी पहिल्यांदा गेली ती जत्रा पाहाले गेली नव्हती. भाचीचं पोट दुखते म्हणून घरून निघाली, आन् जत्रेत जाऊन पोचली.

छप्पन साल होऊन पाच-सहा वर्षं झाली असतीन. आमी अकोल्यात राहत होतो, मालक एका ऑफिसात पट्टेवाले होते. माझी लहान बहीण गया धामणगाव रेल्वेच्या जवळच्या एका खेड्यात देलेली. तिची एकच पोरगी, माया. आमच्या शेजारची कौसाबाई त्या गावाले बारशासाठी गेली होती. परत आली ते आधी माझ्या दारात आली.

"तुई भाची पाह्यली व," ती म्हणे. "पाठीले पोट लागलं पोरीचं. दिवसभर पोट धरून बसते आन् मीठ चाटते."

"मीठ काऊन चाटते?"

"मले काय ठाऊक. मीठ आन् चिंच. तिची आजी म्हनते जंत हायेत."

मालकाले सांगतलं त ते म्हणे, "कापसाचे दिवस हायेत, गाडीले गर्दी असन. थंडी सरली का जाय."

"पोरगी थंडी सराची वाट पाहीन काय?" मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसिंजरनं निघाली.

तवाच्या गाडीबद्दल सांगते, कारण आता लोकायले त्यात लय गंमत वाटते. काही गंमत नव्हती. थर्डचा डबा, लाकडी फळ्या, इंजिनाचा कोळसा उडून डोळ्यात जाये. खिडकीची जागा पकडाले लोक भांडत आन् मंग डोळे चोळत बसत. मी मधातच बसे. भाकर, ठेचा, कांदा फडक्यात बांधून नेला होता. स्टेशनवरचा चिवडा तवाही शिळाच राहे. मूर्तिजापूर, बडनेरा, चांदूर, मंग धामणगाव, असा रस्ता. बडनेऱ्याले अमरावतीचे लोक उतरतात, मंग पाय पसराले जागा होते.

मूर्तिजापूरले एक जण चढला. कोट, धोतर, टोपी. मांडीवर धोतरात गुंडाळलेलं गाठोडं, तान्ह्या लेकरासारखं धरलेलं.

"रेडू हाय," त्यानं कोणी न विचारता साऱ्या डब्याले सांगतलं. "सरकारी. गावाचा. अमरावतीले दाखवाले नेऊन राहिलो."

"काय झालं त्याले?" समोरच्या बुढ्यानं विचारलं.

"खरखर करते. शेतीची माहिती लागली का खरखर, गानं लागलं का साफ."

"मंग रेडू नाई बिघडला, भाऊ. तुमच्या गावचे पोट्टे हुशार हायेत."

डबा हसला. मीही हसली. मंग मले गयाच्या नवऱ्याचा धंदा आठवला. तो गावोगावच्या संपलेल्या बॅटऱ्या गोळा करतो, एवढं मले माहीत होतं. मी विचारलं, "भाऊ, रेडूची बॅटरी संपली का तिचं काय करता?"

"काय करनार? फेकतो. तिकडे वस्तीकडे टाकून देतो. ते लोक नेतात, त्याहिले लागते ते."

"कोन्ते लोक?"

तो माझ्याकडं नीट पाहू लागला. लुगडं पाह्यलं, कपाळ पाह्यलं. "तुमी कोनायच्या, बाई?"

"त्याच लोकायची."

त्यानं रेडू उचलला आन् पल्याडच्या मांडीवर घेतला. बडनेऱ्यापर्यंत तो खिडकीबाहेर पाहत होता, डोळ्यात कोळसा गेला तरी. त्या रेडूले माझा काय विटाळ होणार होता, त्यालेच माहीत.

धामणगावले उतरली तवा स्टेशनापासून सरकी काढाच्या जिनापर्यंत कापसाच्या गाड्या लागल्या होत्या. बैल सोडलेले, गाडीवाले कापसावर आडवे. रस्त्यावर सरकी-कापूस उडत होता, लोकायच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. तिथून पायी चालत गेली. गाडरस्ता, दोन्ही बाजूनं काळी वावरं, वेचणीच्या बाया. चालाले चांगला रस्ता, फक्त पायात काही घालून जा, जमिनीच्या भेगात पाय मुरगळते.

गावात ग्रामपंचायतीचा ओटा हाय. ओट्यावर लोखंडी जाळीच्या पेटीत रेडू, त्याले कुलूप. सांजच्यापारी सेक्रेटरी कुलूप काढे आन् सारं गाव ओट्यावर बसे. आमचे लोक खाली रस्त्यावर उभे राहून ऐकत. कोणी मना केलं नव्हतं. ओट्यावर जागा राहतच नव्हती, असं सारे म्हणत.

वस्ती गावाच्या खालच्या अंगाले, नाल्याकाठी. वस्तीच्या आधी वास आला. कोळशाचा नाई, शेणाचा नाई. आंबट, दात शिवशिवणारा. नाल्याच्या काठचं गवत जळून पिवळं पडलं होतं. सुखदेवच्या, म्हणजे गयाच्या नवऱ्याच्या, आंगणात बॅटऱ्यायची रास. रेडूच्या पुठ्ठ्याच्या बॅटऱ्या वेगळ्या, ट्रकच्या आन् तंबूतल्या सिनेमाच्या काळ्या वजनदार बॅटऱ्या वेगळ्या. शेणकाडी ठेवाची ती जागा, तिथं शिसं वितळवायची लोखंडी कढई.

हे काम त्यानं काऊन धरलं ते सांगितलं पाहिजे. पहिले गावातलं मेलेलं ढोर ओढून न्यायचं काम या वस्तीकडे होतं. छप्पन साली बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्यावर साऱ्यायनं ते सोडलं. गाव चिडलं, वावरात काम देणं बंद केलं. बाकीचे अमरावतीले, नागपूरले गेले. सुखदेव गेला नाई. त्यानं बॅटऱ्या धरल्या. फोडायच्या, आतलं पाणी नाल्यात सोडायचं, शिसं वितळवून अमरावतीच्या एका शेठले द्यायचं. "हे मशीनचं काम हाय," तो सांगे. "यात जात नाई." वस्तीतले पोट्टे त्याले इंजिनेर म्हणत, त्याले ते आवडे.

माया आतमधी भिंतीले टेकून बसली होती. कौसाबाईनं जे सांगतलं ते कमीच होतं. मी उचलली त कापसाची पिशवी उचलल्यासारखी. तिच्या शेजारी एक काळी पेटी होती, दगडासारखी टणक, आत तीन खण. एकात मीठ, एकात तिखट, एकात चिंच. मी टेकली तशी पोरीनं माझ्या मांडीवरूनच हात घातला, चिंचेचा गोळा मिठात बुडवला आन् तोंडात टाकला.

"ही पेटी कशाची व?" मी गयाले विचारलं.

"बॅटरीची. आतलं काढून घेतलं का पेटी उरते. ताई, मी राखेनं सात येळा धुतली, उनात वायवली. टिनाचा डबा मिठानं गंजते, हे गंजत नाई. साऱ्या वस्तीत हाय आता. तुले बी ठेवली एक."

पाहा आमची अक्कल. टाकून देलेली वस्तू वाया जाऊ द्यायची नाई, राखेनं घासली का शुद्ध झाली, आन् खण तीन हायेत त देवानं तिखट-मिठासाठीच केली असन. फुटलेल्या पेट्यायचे तुकडे चुलीत घालत. बाहेर दोन-चार लेकरं तेच पेटवून शेकत बसली होती, काळाभोर धूर.

मले तवा काही कळलं होतं असं नाई. एवढंच कळलं का पोरगी मरून राहिली आन् घरात कोणी हलत नाई.

"सुखदेव कुठी हाय?"

"जत्रेले गेला, कौंडन्यपूरले," गयाची सासू म्हणे. तिचं नाव बायजाबाई. "तो आल्यावर पाहू. जंताचं औषध देलं हाय मी."

"किती दिवस देऊन राहिली?"

"माह्या घरची पोरगी हाय. तू पाहुनी हायेस, भाकर खाय."

भाकर खाल्ली. अंबाडीची भाजी होती, मीठ त्याच पेटीतलं. सकाळी उठून मी पोरगी पाठीले बांधली. बायजाबाई दारात उभी राहिली.

"इचारल्याबिगर चालली?"

"इचारून काय उत्तर भेटनार हाय ते मले ठाऊक हाय."

"घर मोडाले आली तू."

"घर पाठीवर घेऊन चालली. बाजूले हो, माय."

बाजूले झाली. गया दोन पावलं आत, दोन पावलं बाहेर करत होती. मी मागं पाह्यलं नाई. वावराच्या कडेले आली तवा मागून पळत आली, डोक्यावरचा पदर हातात धरून.

धामणगावहून बडनेरा, बडनेऱ्याहून अमरावतीची लहान गाडी. अमरावतीचा मोठा दवाखाना पाह्यला नसन त एक सांगते, सकाळी लवकर जा आन् कोणी "बसा" म्हटलं तरी बसू नका. बसलेल्या माणसाले तिथं कोणी पाहत नाई. मी उभी राहिली, पोरगी हातावर, बरोबर डॉक्टरच्या दाराच्या मधात. चपराशी ओरडला. मी म्हटलं, "ओरडून राहिला त जोरानं ओरड, साहेबाले ऐकू गेलं पाहिजे."

डॉक्टर तरणा होता. त्यानं पोरीचा वरचा ओठ उचलला आन् हिरड्या पाह्यल्या. मंग खिडकीजवळ नेऊन परत पाह्यल्या.

"घरी कोणी छापखान्यात आहे का?" त्यानं विचारलं. "खिळे जुळवण्याचं काम करतं का कोणी?"

"छापखाना नाई. बॅटऱ्या फोडतात," मी म्हटलं.

त्यानं गयाले तोंड उघडाले सांगतलं. तिच्याही हिरड्यांच्या काठाले तशीच निळी रेघ होती, काजळ ओढल्यासारखी. मी बहिणीचं तोंड लहानपणापासून पाहते, मले ती दिसली नव्हती.

"हे शिशाचं विष आहे," तो म्हणाला. "छापखान्यातल्या माणसांच्या तोंडात मी पाहिलंय. इतक्या लहान मुलीच्या तोंडात पहिल्यांदा पाहतोय."

मी पेटीचं सांगतलं. मिठाचं, चिंचेचं. तो लिहिता लिहिता थांबला.

"चिंचेसाठी दुसरं भांडंच मिळालं नाही का? आंबट त्या पेटीत ठेवलं की पेटी चाटल्यासारखंच आहे."

"म्या सात येळा धुतली, साहेब," गया म्हणे.

"सत्तर वेळा धुतली तरी ते जात नाही. आणि ते तुकडे जाळता, तो धूरही बंद करा." पोरीले वॉर्डात ठेवाले सांगतलं. "आता त्या घरापासून दूर ठेवा. बरी होईल. पण जेवढं अंगात गेलंय ते सगळं निघेल असं मी सांगणार नाही."

बाहेर व्हरांड्यात आलो तवा गया खांबाले धरून खाली बसली. मले वाटलं पोरीसाठी रडते. ती म्हणे, "ताई, हे जत्रेत काय इकाले गेले, माहीत हाय काय तुले?"

"शिशाचे मणी. मासे धरनाऱ्या भोयायच्या जाळ्याले. तूच त वाटेनं सांगतलं."

"मनी थोडेसे हायेत. गाडीभर पेट्या नेल्या. तिखट-मिठाच्या पेट्या म्हनून."

त्या रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात झोपलो. सकाळी गया पोरीजवळ राहिली, मी एस.टी.कडे निघाली. वाटेतच ते ऑफिस लागलं, गावायले रेडू आन् बॅटऱ्या देणारं. गाडीले वेळ होता. मी आत गेली. जाळीमागं कारकून बसला होता, चहा बशीत ओतून पेत होता.

"साहेब, गावाले नवी बॅटरी देता तवा जुनी परत घेता काय?"

"नाही. का?"

"मंग जुनीचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? संपली की टाकून द्यायची."

"कुठी?"

"कुठंही. गावाबाहेर."

"गावाबाहेर कोन राहते, साहेब?"

त्यानं बशी खाली ठेवली. "बाई, तुमचं काम काय आहे?"

"गावाबाहेर आमी राहतो. हेच सांगाचं काम होतं."

"आमच्याकडे फक्त वाटप आहे," तो म्हणाला. "जमा करून घेण्याचा हुकूम नाही." आन् परत बशी उचलली. तो वाईट माणूस नव्हता. मले बसाले स्टूल दाखवलं होतं. पण वाईट नसलेल्या माणसायचा मले जास्त राग येते. वाईट माणसाले कमीत कमी माहीत असते का आपुन काय करून राहिलो.

कौंडण्यपूरच्या एस.टी.त पाय ठेवाले जागा नव्हती. जत्रेच्या जादा गाड्या सोडल्या होत्या, तरी टपावर पोट्टे. कुऱ्ह्यापर्यंत रस्ता बरा, पुढं हाडं खिळखिळी. उतरलं का पहिले नदी दिसते. टेकडीवर देऊळ, खाली घाट, आन् त्या वर्षी पाणी निळंशार होतं. वरून पाह्यलं त नदी वळण घेऊन अशी जाते का माणूस घटकाभर उभा राहते. मी राहिली नाई. देवळातही गेली नाई, तिथं आमचं काम नव्हतं. फुटाणे आन् गुडीशेव चांगली भेटे, भजे खाऊ नका, तेल कधी बदलत नाईत.

सुखदेव मले दिसायच्या आधी ऐकू आला.

"गंजत नाई, फुटत नाई, मुंगी लागत नाई! मशीनीची पेटी, वयनी, मशीनीची! तीन खन, एक झाकन!"

झाकण त्यानं सागाच्या फळीचं केलं होतं. पेट्यायले तेल लावून चमकवल्या होत्या. नवा सदरा घातलेला, कानामागं पेन्सिल. समोर बायायची गर्दी, चांगल्या घरच्या, नाकात नथ, हातभर बांगड्या. एक बाई भाव करत होती.

"मीठ ओलं होत नाई ना रे याच्यात?"

"पावसायात बी नाई, वयनी."

त्याच्या हातचं पाणी ती बाई पेली नसती. पण त्याच्या हातची पेटी ती मिठाले घेऊन राहिली होती. सुखदेवच्या तोंडावर जे सुख होतं ते विक्रीचं नव्हतं, हे मी पाह्यलं. ते पाह्यलं म्हणून मले जास्त जड गेलं.

"सुखदेव, दुकान बंद कर," मी म्हटलं.

"ताई, तुमी?" तो उठून उभा राहिला. मी बायकोची मोठी बहीण, म्हणजे आकडसासू. पाया पडाले वाकला. "बसा. चहा सांगतो. पाहा माल कसा जाऊन राहिला."

"माया अमरावतीच्या दवाखान्यात हाय. तिच्या पोटात शिसं गेलं. या पेटीतून."

तो हसला. खरंच हसला, माणूस कधी कधी हसते तसा. "जंत हायेत तिले."

"डॉक्टरनं ओठ उचलून दाखवलं. गयाच्या बी तोंडात हाय. तुया तोंडात बी असन. आ कर."

त्यानं तोंड उघडलं नाई. आ न करता उभा राहिला, दात घट्ट दाबून. गिऱ्हाईक बाई म्हणे, "देतं का नाई रे पेटी?" त्याचा हात आपोआप पेटीवर गेला. मी पेटी ओढून मागं ठेवली.

"ताई," तो हळूच म्हणे, "मले परत ढोरं वढाले लावता काय? या कामात कोनी मले जात पुसत नाई. तुमाले दिसत नाई काय कोन घेऊन राहिलं ते?"

"दिसते. म्हनूनच म्हनते. त्याहिच्या घरी बी लेकरं हायेत."

तो पोतं टाकून खाली बसला. म्हणे, "किती इकल्या ते मले बी सांगता येनार नाई. काल दिवसभर इकल्या."

पल्याड सिनेमाचा तंबू होता, त्याच्यावर भोंगा वाजत होता. मी म्हटलं, "भोंग्यावर सांगून टाकू. ज्यानं ज्यानं पेटी घेतली त्यानं परत आनून द्या."

सुखदेवनं माझा हात धरला. त्यानं कधी माझ्या हाताले हात लावला नव्हता. "ताई, भोंग्यावर सांगसान त मी इथून जित्ता जानार नाई. पेटीत इष हाय, आन् इकनारा कोन? म्हनतीन, यायनं पानी बाटवलं, आता मीठ बाटवलं. मले मारतीन, आन् मंग आपली वस्ती पेटवतीन. बॅटरी कोनं टाकली ते कोनी पुसनार नाई."

मी रागानं आली होती, त्याले सोलून काढीन म्हणून. आन् तो खरं बोलून राहिला होता. त्या भोंग्याखाली उभी राहून मले जेवढा राग आला तेवढा जन्मात आला नाई, आन् तो ज्याच्यावर काढायचा असं समोर कोणी नव्हतं.

मंग आमी पायी फिरलो. जत्रेतल्या गाड्या नदीकाठी सुटल्या होत्या, तिथं चुली पेटल्या होत्या. मी चुलीजवळ जाये, बायायशी बोले. सुखदेव पोतं घेऊन मागं. बायायले मी एकच सांगे, माझी भाची या पेटीतलं मीठ खाऊन दवाखान्यात पडली, पेटी द्या आन् पैसे घ्या.

एकीनं लगेच तिखट पदरात ओतलं आन् पेटी देली. "लेकराचं कसं हाय आता?" तिनं विचारलं. पैसे घ्यायचं विसरली, सुखदेव मागं जाऊन देऊन आला.

दुसरी म्हणे, "काल मशीनीची होती, आज इषाची झाली? जास्त देनारं गिऱ्हाईक भेटलं वाट्टे."

"नाई व माय, खरं हाय."

"माह्या घरचं मीठ मी पाहीन. तू तुया घरचं पाह्य." देली नाई.

एका गाडीवर गडी माणूस होता. त्यानं सुखदेवले पायापासून पाह्यलं. "कोन्या गावचा रे तू? कोनाचा?"

सुखदेवनं गाव सांगतलं. पुढचं सांगायच्या आधी मी मधात शिरली. "कोनाचा ते मंग पुसा, भाऊ. पहिले त्या पेटीतली चिंच फेका. तुमचं लेकरू चाटून राहिलं."

लेकरू खरंच चाटत होतं. त्या माणसानं पेटी घेतली आन् आमच्या अंगावर फेकली. सुखदेवच्या नडगीवर लागली. त्यानं ती उचलून पोत्यात टाकली. आमी पुढच्या चुलीकडे गेलो.

ऊन उतरू लागलं तशा गाड्या जुंपल्या. दर गाडीमागं पळायचं काही जमलं नाई. पोतं अर्ध्याच्या वर भरलं, बाकीच्या पेट्या गेल्या. तिवसा, आर्वी, चांदूर, कोण्या गावाले कोणती गेली कोणाले माहीत. मीठ भरून, झाकण लावून.

घाटावर सुखदेवनं न विकलेल्या पेट्याही त्यातच टाकल्या आन् पोतं पाण्याच्या कडेले ठेवलं.

"फेकून देतो नदीत."

"खाली कोन पानी पेते?"

त्यानं नदीकडं पाह्यलं. मंग मागं वावराकडं पाह्यलं, टेकडीकडं पाह्यलं. कुठी टाकायचं, असं तो विचारणार होता, मले कळलं. मलेही माहीत नव्हतं. पोतं त्याच्या गाडीतच परत गेलं.

गाडी घरी सोडून तो दवाखान्यात आला, मायाच्या खाटेजवळ उभा राहिला. आरशासारखा चकचकीत एक ट्रे तिथं होता. त्यानं तो हातात घेतला, आपला ओठ उचलून पाह्यला आन् ट्रे परत ठेवून देला. गयानं विचारलं, "हाय का?" तो म्हणे, "हाय."

माया आन् गयाले मी अकोल्याले घेऊन आली. परतीच्या गाडीत पोरीनं माझ्या भाकरीतला तुकडा मागून खाल्ला. त्या हिवाळ्यात ती माझ्या घरी राहिली. पोट दुखणं हळूहळू गेलं, अंग धरलं. पण बोलताना शब्द शोधत राहे, आन् पुढं शाळेत गेली तवा बाकीच्या पोरी पुढं गेल्या, ती मागंच राहिली. मास्तर म्हणत, मंद हाय. मंद नव्हती. तिले मंद केलं होतं, आन् करणाऱ्याले त्याचा पत्ताही नव्हता. आता ती बुढी झाली, सुखानं हाय, नातवंडं खेळवते. पण हिशोब सांगाले लागला का अजून बोटं मोजते.

आज तुमचे मोबाईल, टी.व्ही., कम्प्युटर कुठी जातात म्हणून माझी नात मले विचारते, शाळेत निबंध हाय म्हणून. मी सांगतलं, गावाबाहेर जातात. ती म्हणे, आजी, आता तसं नसते, कंपनी परत घेते. घेत असन. मी तिले म्हटलं, जो फोडते त्याच्या घरी एक दिवस जेवाले जाय, मंग निबंध लिही.

होळीच्या सुमाराले सुखदेव पोरीले भेटाले अकोल्याले आला. अंग उतरलेलं, पण डोळे साफ. सडकेवर गिट्टी फोडाले जातो म्हणे. मी विचारलं, बॅटऱ्या सोडल्या काय?

"म्या सोडल्या. शेठनं दुसरे धरले, पल्याडच्या वस्तीतले. मी जाऊन सांगतलं त्याहिले, ते म्हनतात आमचा धंदा पाहून तुले जयते." चहा पेऊन झाल्यावर म्हणे, "आन् गावानं टाकनं सोडलं नाई, ताई. सिनेमाची, ट्रकची, रेडूची. आपल्याच नाल्यावर आनून टाकतात, जसं पहिले ढोर मेलं का सांगावा धाडत."

"मंग तू काय करतं?"

"उचलतो."

"काऊन उचलतं?"

"उचलतो आन् पंचायतीच्या ओट्यावर नेऊन ठेवतो. दिवसाउजेडी. रेडूच्या पेटीच्या खाली. सेक्रेटरी म्हने, हे काय? म्या म्हटलं, गावाची वस्तू हाय, गावाच्या ओट्यावर ठेवली. त्यानं अमरावतीले पाठवल्या, ऑफिसनं घेतल्या नाईत, गाडी तशीच परत आली. ती बी तिथंच रिकामी केली. घरातलं ते पोतं बी नेऊन ठेवलं."

"कोनी मारलं नाई?"

"शिव्या देतात. पन हात कोनी लावत नाई त्या राशीले, तिच्यात इष हाय म्हनून." तो पहिल्यांदा थोडं हसला. "आता ओट्यावर बसाले जागा नाई राहिली. सांजच्यापारी सारं गाव खाली रस्त्यावर आमच्याजवय उभं राहून रेडू ऐकते. पाटीलबुवा बी."

गया म्हणे, "बुढ्या मानसायचे पाय दुखत असतीन."

"उभे राहू दे," सुखदेव म्हणाला.